यंदा नक्की

आमच्या सोसायटीत त्यांना सगळे कैलासकाका म्हणतात. खरं नाव मेंटेनन्सच्या पावतीवर असतं, पण ते खजिनदाराखेरीज कुणाला ठाऊक नाही. काका कैलास-मानसरोवरला जाऊन आलेले नाहीत. जाणार आहेत. हा फरक लक्षात घ्यायला हवा. जाऊन आलेला माणूस आठवडाभर फोटो दाखवतो, घरोघरी चमचाभर तीर्थ वाटतो आणि पुन्हा आपल्या बीपीच्या गोळीला लागतो. जाणारा माणूस बारा महिने जाणाराच असतो.

ही जमात एकट्या पुण्याच्या सहकारनगरात नाही. नाशकात आहे, डोंबिवलीत आहे, सांगलीतही असणार. बँकेतून किंवा वीज मंडळातून निवृत्त, मुलगा परदेशात, गुडघे अजून शाबूत, अष्टविनायक दोनदा झालेले. आमच्या काकांची ज्योतिर्लिंगं साडेअकरा झाली आहेत. केदारनाथला ते गौरीकुंडापर्यंत गेले आणि आभाळ बघून परतले, ते अर्धं धरतात. बँकेतल्या माणसाच्या हिशेबाला आपण काय बोलणार!

काकांकडे एक निळी बॉक्स फाइल आहे. त्या फाइलीत अख्खा पश्चिम तिबेट मावलेला आहे. पाहुणा चहा घेऊन निघायच्या बेतात असला की ती टीपॉयवर येते. मग प्रश्न येतो, "कैलासाची उंची किती, सांगा?" पाहुणा गप्प. "६,७१४ मीटर, असं जुनी पुस्तकं म्हणतात. ६,६३८ असं नवी म्हणतात." मधले ७६ मीटर गेले कुठे, याची काकांना अगदी खातेवहीत तीन पैसे जुळेनात तशी रुखरुख लागते. कैलासावर आजवर कुणी चढलेलं नाही, चढायचंही नाही, त्यामुळे ह्या ७६ मीटरांनी यात्रेकरूचं काहीच अडत नाही. पण हे बोलून पाहुणा फक्त चहाचा दुसरा कप ओढवून घेतो.

परिक्रमा त्यांना पाठ आहे. दारचेनहून निघायचं, यमद्वारातून पुढे, पहिला मुक्काम दिरापुक. दुसऱ्या दिवशी डोल्मा ला, ५,६०० मीटरच्याही वर, समुद्रसपाटीच्या निम्मा प्राणवायू. खिंड उतरताना उजव्या हाताला खाली तिथलं गौरीकुंड. मग झुथुलपुक, आणि तिसऱ्या दिवशी परत दारचेन. एकूण ५२ किलोमीटर. हिंदू, बौद्ध आणि जैन कैलास उजवीकडे ठेवून फिरतात, तिबेटातल्या बोन धर्माचे लोक मात्र उलटे फिरतात. इथे काका थबकतात. "म्हणजे ते समोरून येणार. अरुंद वाट. कुणी कुणाला वाट द्यायची?" लक्ष्मी रोडवर उलट्या बाजूनं येणाऱ्या स्कूटरवाल्यांशी ज्याची हयात भांडण्यात गेली, त्याला ही काळजी वाटणारच.

सगळ्या चीनमध्ये घड्याळ एकच, आपल्यापुढे अडीच तास. तेव्हा काकांनी उजव्या मनगटावर एक जादा घड्याळ बांधलं. रात्री नऊला काकू म्हणाल्या, "अहो, पानं घेतलीत." काका उजवं मनगट बघून म्हणाले, "तिकडे साडेअकरा वाजलेत. इतक्या उशिरा जड जेवू नये." त्या दिवशी पुरणपोळी होती. ती काका भारतीय वेळेनुसार जेवले.

पुरणपोळीचा विषय निघालाच आहे. सरकारी यात्रेला बीएमआय पंचवीस किंवा त्याच्या खाली लागतो. परराष्ट्र मंत्रालय १९८१पासून ही यात्रा नेतं आणि इतर अटींबाबत काकांची काही तक्रार नाही. वय अठरा ते सत्तर, बसतं. पासपोर्ट, आहे. पण पंचवीस? काकांचा सत्तावीस. दर चैत्रात ते सव्वीसपर्यंत येतात आणि मग आंबा येतो. "आमरस हे फळ आहे, फळ उपासालासुद्धा चालतं," असं ते म्हणतात. एकदा त्यांनी उंचीच जास्त भरते का पाहिलं. भिंतीला पाठ लावून, टाचा किंचित उचलून. काकूंनी पट्टी धरली आणि म्हणाल्या, "दिल्लीला डॉक्टर भिंतीला उभं करून बघतील तेव्हा मी नसेन हं खाली बघायला."

सराव मात्र जोरात. रोज पहाटे पर्वती. पायऱ्या १०३. काका पायात ट्रेकिंगचे बूट, डोक्याला माकडटोपी आणि पाठीवर पाच किलो तांदळाची सॅक घेऊन चढतात. मे महिन्यातही. बूट आधी वापरून मऊ करून घ्यावे लागतात, असं कुणीतरी सांगितलं, म्हणून ते त्याच बुटांनी मंडईत जातात आणि मेथीची जुडी निवडतात. माथ्यावर पोचल्यावर बोटाला ऑक्सिमीटर. पायथ्याशी सत्त्याण्णव, वर सत्त्याण्णव. "शरीर उंचीला सरावतंय," ते जाहीर करतात. शेजारी फुगडी घालत हसणाऱ्या हास्यक्लबच्या बायकांचाही त्यांनी ऑक्सिजन मोजलाय. सगळ्यांचा अठ्ठ्याण्णव निघाला, तेव्हापासून हास्यक्लबशी त्यांचं बोलणं थोडं कमी झालं आहे.

उंचीवर डोकं दुखू नये म्हणून डायमॉक्स घेतात, डॉक्टरला विचारून. काकांनी विचारलं आणि डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, तिबेटसाठी. काकांनी त्या गोळ्यांची चाचणी महाबळेश्वरच्या सहलीत घेतली. महाबळेश्वर साडेतेराशे मीटर. तिथे स्ट्रॉबेरी क्रीम खाताना कुणाला विरळ हवेचा त्रास झाल्याची नोंद नाही. पण डायमॉक्सनं लघवी जास्त होते आणि बोटांना मुंग्या येतात. पसरणी घाटात गाडी इतक्या वेळा थांबली, की मागच्या एसटीच्या ड्रायव्हरनं ओळख दाखवायला सुरुवात केली. काकांनी फाइलीत लिहिलं : "गोळी लागू पडते."

फाइलीत एक कागद काकांना फारसा आवडत नाही आणि काकूंना फार आवडतो. यात्रेकरूनं लिहून द्यायचं असतं, की चीनच्या हद्दीत बरंवाईट झालं तर तिथेच अंत्यसंस्कार करायला माझी हरकत नाही. काकूंनी तो दिवाणखान्यात मोठ्यानं वाचला आणि चष्मा पुसत म्हणाल्या, "कैलासवासी व्हायला इतकी कागदपत्रं जोडणारा माणूस पहिलाच बघतेय मी." मग जरा थांबून, "त्यापेक्षा वेरूळला जाऊ या की. तिथेही कैलास आहे, डोंगरातून अख्खा कोरलेला. रावण तो हलवतोय, खाली दमलाय. आणि तिथे बीएमआय विचारत नाहीत."

काकांना ते तितकंसं रुचलं नाही. पण खरं सांगायचं तर महाराष्ट्रातून कैलासाला सगळ्यात निर्वेधपणे पोचलेला प्रवासी म्हणजे मेघदूतातला ढगच. रामगिरी म्हणजे आपलं रामटेक असं मानतात. तिथून तो निघाला तो थेट कैलासाच्या कुशीतल्या अलकेपर्यंत. ना पासपोर्ट, ना लॉटरी. वाटेत कुठे थांबायचं, काय बघायचं, हे मात्र यक्षानं त्याला इतकं तपशीलवार सांगितलंय, की यक्षही जाणाऱ्यांतलाच असावा अशी शंका येते. स्वतः जायची बंदी होती, म्हणून तर माहिती एवढी चोख.

काकांच्या आयुष्यातली सोन्यासारखी वर्षं म्हणजे २०२० ते २०२४. आधी करोना, मग सीमेवरचा तणाव. यात्रा बंद. त्या पाच वर्षांत काकांची छाती जी फुलली होती! "उघडू दे फक्त. दुसऱ्या दिवशी निघतो." कट्ट्यावर रोज हेच. सरकारला ते दम देत, चीनला देत. याच काळात त्यांनी डाऊन जॅकेट घेतलं, काठ्या घेतल्या, थर्मलचे तीन जोड घेतले. जॅकेटमध्ये काकूंनी कडुनिंबाचा पाला घालून ठेवला.

आणि २०२५च्या जानेवारीत बातमी आली, की यात्रा पुन्हा सुरू होणार. मी पेपर घेऊन अभिनंदन करायला गेलो. काका पांढरे पडले होते. "इतक्या घाईनं?" एवढंच म्हणाले.

पुढे अर्ज निघाले. उत्तराखंडातून लिपुलेखमार्गे पन्नास-पन्नासाच्या पाच तुकड्या, सिक्कीममधून नाथू लामार्गे दहा. जागा ७५०, संगणकाची सोडत. अर्जात मार्ग निवडायचा होता. काकांनी तक्ता मांडला. लिपुलेखला खर्च कमी, पण खिंड चढायची. नाथू लाला बहुतेक गाडीनं, पण तिबेटात हजार-पंधराशे किलोमीटर बसून राहायचं, आणि कंबर? लिपुलेखच्या वाटेवर ओम पर्वत दिसतो. नाथू लाच्या वाटेवर गंगटोक लागतं, तिथे काकूंच्या बहिणीचा मुलगा लष्करात. त्याला काय न्यायचं? चकल्या न्यायच्या तर तळणाचं वजन कुठल्या सॅकमध्ये धरायचं? तक्त्याला नवे स्तंभ जोडत गेले. मेमध्ये अर्जाची मुदत संपली, तेव्हा काका सोळाव्या स्तंभावर होते. साडेपाच हजारांहून जास्त लोकांनी अर्ज केले होते, हे वाचून त्यांना हायसं वाटलं. "नंबर लागलाच नसता," ते म्हणाले.

त्याच उन्हाळ्यात तळमजल्यावरच्या आजी कैलासाला जाऊन आल्या.

हे कसं झालं ते कुणालाच नीट कळलं नाही. भजनी मंडळातल्या चौघी नेपाळमार्गे एका खासगी सहलीत चालल्या होत्या, पाचवी गळाली, आजी तिच्या जागी गेल्या. आठ दिवसांत ठरलं. स्वेटर सुनेचा, बूट नातवाचे, पुढे कापूस कोंबून. परत आल्यावर काका त्यांच्याकडे फाइल घेऊन गेले. मीही गेलो, असा सोहळा चुकवणं बरं नव्हे.

"पहिला मुक्काम दिरापुकला ना?" काकांनी सुरुवात केली.

"असेल हो. खोली होती एक. संडास नव्हता."

"तिथून कैलासाचं उत्तर मुख दिसतं."

"उत्तर-दक्षिण नाही कळलं बाई. पण दिसला. मी आपलं पसायदान म्हटलं."

"डोल्मा लाला ऑक्सिजन किती होता तुमचा?"

"घोड्यावर बसले होते मी. घोड्याला विचारायला हवं."

"मानसरोवर गोड पाण्याचं आणि राक्षसताल खारट, लक्षात आलं असेल."

"राक्षसताल ते निळं निळं? तिथे थांबवली नाही गाडी. मानसमध्येही उतरू दिलं नाही, बादलीनं पाणी काढून देत होते. काय गार हो! दात वाजले."

काकांनी त्यांचं वर्णन तीन ठिकाणी दुरुस्त केलं. पशुपतिनाथ आधी होतं की नंतर, हे फाइलीतून दाखवून दिलं. आजींनीही मान डोलावली. "तुम्हालाच माहीत जास्त," असं अगदी मनापासून म्हणाल्या आणि छोट्या वाटीतून तीर्थ दिलं. काकांनी ते डोळ्यांना लावलं, घेतलं, आणि त्यानंतर काही क्षण ते खरोखर काही बोलले नाहीत. मला वाटतं, त्यांच्या भक्तीत खोट नाही. फक्त ती जिन्यापर्यंत येते आणि चपला शोधायला लागते.

परवा कट्ट्यावर पुन्हा विषय निघाला. तिबेटी पंचांगात २०२६ हे घोड्याचं वर्ष. घोड्याच्या वर्षात केलेल्या एका परिक्रमेला तेरा परिक्रमांचं पुण्य, असं तिबेटी मानतात. काकांनी लगेच गणित केलं. एकास तेरा. एवढं व्याज कुठल्याही मुदत ठेवीवर नाही, ज्येष्ठ नागरिकांचा अर्धा टक्का धरूनसुद्धा.

"मग यंदा नक्की?" कुणीतरी विचारलं. "एकोणसत्तरावं चाललंय. सत्तरीनंतर सरकार घेत नाही."

"यंदा?" काका उसळले. "अहो, एकास तेरा म्हटल्यावर सगळं जग तिथे लोटणार. शेगावच्या रांगेत उभं राहिल्यासारखं दर्शन घ्यायचं का कैलासाचं? पुढचं घोड्याचं वर्ष बारा वर्षांनी, २०३८ला. नेपाळमार्गे जाईन."

"तेव्हा तुम्ही एक्याऐंशीचे असाल."

"तेच सांगतोय," काका माकडटोपी सावरत म्हणाले. "एक्याऐंशीव्या वर्षी कुणाचा बीएमआय पंचविसाच्या वर असतो, दाखवा मला."