ना-हरकत दाखला

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी नावाचे दोन तालुके आहेत; पैकी मोरगावच्या अर्जुनीच्या वाट्यास आगगाडी आली आणि आमच्या अर्जुनीच्या वाट्यास सडक. मुंबई-कोलकाता राजमार्ग असा उशाशी असल्याकारणाने येथील मनुष्य प्रवासाचा बाऊ करीत नाही. पिशवीत दोन धोतरे कोंबून तो कोहमाऱ्याच्या चौकात उभा राहिला, की निघालाच म्हणून समजावे. या साध्यासुध्या रिवाजात ज्या गृहस्थवर्गाने अलीकडे व्यत्यय आणला, तो वर्ग म्हणजे सश्वान प्रवासी, आणि आमच्या गावी त्याचे मुखत्यारपत्र बाबूजींकडे आहे.

बाबूजींची उभी हयात महसुलाच्या कारकुनीत गेली. निवृत्तीबरोबर कचेरी सुटली, तरी कचेरीची भाषा आणि फीत बांधलेली फाईल ही दोन्ही त्यांच्यासमवेत घरी आली, आणि तेथे कोणतेही प्रकरण प्रलंबित नसल्यामुळे अखेर मोतीच्या नावाने नवे प्रकरण उघडण्यात आले. मोती वर्णाने तांबूस असून त्याच्या कुळाविषयी मात्र दप्तरी नोंद नाही. मुंबईस मुलाकडे जावयाचे ठरले की पंधरा दिवस आधी तजवीज सुरू होते : घरच्या विहिरीच्या पाण्याचा डबा, मोतीचे स्वतःचे जर्मनचे भांडे, घराचा वास राहिलेली जुनी सतरंजी, मुखपट्टी, दोन साखळ्या आणि रेबीजची लस टोचल्याचा दाखला, नकलांसह. हा लवाजमा ओसरीवर मांडलेला पाहून शेजारीण सहजच विचारती झाली, “बाबूजी, लेकीले सासरी पाठवता का जी?”

अर्थात या थट्टेत मी सामील होत नाही. आमच्याकडे वैशाखात पारा पंचेचाळिसाला भिडतो. माणसासारखा कुत्र्याला सर्वांगी घाम फुटत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकीत जेवढी उष्णता निघेल तेवढीच निघते, आणि म्हणून उन्हात बंद करून ठेवलेली मोटार ही मोतीच्या लेखी भट्टीच होय, हे बाबूजी जेव्हा भाड्याच्या मोटारीच्या चालकाला बजावतात, तेव्हा ते शंभर टक्के बरोबर असतात. निघण्यापूर्वी चार तास मोतीला अन्न द्यावयाचे नाही, हाही त्यांचा हुकूम शहाणपणाचाच. परंतु हुकूम काढणारा आणि हुकूम मोडणारा एकाच छपराखाली नांदत असतील, तर त्याला बाबूजींचा इलाज नाही.

मुंबईची गाडी गाठावयास मोटारीने गोंदियाकडे निघाल्यावर कोहमाऱ्याला चालक चहाला उतरला. बाबूजी फाईल आसनावर ठेवून चाकांची हवा पाहू लागले, तेवढ्या अवधीत त्यांच्या कुटुंबाने, म्हणजे काकूंनी, पदराआडून अर्धा आलुबोंडा मोतीच्या स्वाधीन केला. कारण मुक्या जिवाला उपाशी ठेवून आपण चहा पिणे त्यांच्या धर्मात बसत नव्हते. गोरेगावच्या अलीकडे मोतीने तो साभार परत केला, आणि तोही नेमका लसीच्या दाखल्यावर. बाबूजींनी मोटार थांबवून जागेवरच पंचनामा केला. काकूंनी जबाब देण्याचे नाकारले. तथापि मोतीच्या मिशीला लागलेली हिरवी चटणी हा पुरावा एवढा बोलका होता, की रुजवातीची गरजच उरली नाही. मग बाबूजी अर्धा तास कडुनिंबाखाली एकेक कागद वाळवीत बसले, आणि मोती सतरंजीवर स्वस्थ झोपला.

रेल्वेचा कायदा बाबूजींना मुखोद्गत आहे. कुत्र्याला मालकासोबत न्यावयाचे, तर वातानुकूलित प्रथम वर्गातील अख्खा कूपे राखून ठेवला पाहिजे. नपेक्षा त्याची रवानगी गार्डच्या डब्यातील पिंजऱ्यात होते, आणि हा अपमान नको, असे त्यांचे मत. शिवाय सहप्रवाशाने हरकत घेतल्यास कुत्रा गार्डकडे जातो आणि पैसे परत मिळत नाहीत, हे कलम त्यांच्या उरात कायमची धडकी भरवून आहे. गोंदियाहून मुंबईस जाणाऱ्या विदर्भ एक्सप्रेसमध्ये दोन शय्यांचा कूपे मिळालेला असल्यामुळे सहप्रवासी अशी एकच व्यक्ती उरत होती. बाबूजींनी फलाटावरच फाईल उघडून आधीपासून लिहून आणलेला ना-हरकत दाखला काकूंपुढे धरला : मौजे सडक अर्जुनी येथील श्वान मोती याच्या सहवासास माझी कोणत्याही प्रकारची हरकत नाही.

काकूंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांची सही एवढी मोलाची कधी ठरली नव्हती. खालची शय्या आखणीत मोतीच्या सतरंजीसाठी दाखविली आहे, हेही त्यांनी मागील पानावर पाहून घेतले.

“खालची सीट माही,” त्या म्हणाल्या, “मंग सही.”

गाडी सुटली तेव्हा काकू खिडकीशी बसल्या होत्या आणि मोती त्यांच्या पायाशी मान टाकून पडला होता, वरच्या शय्येवरून बाबूजींचा आवाज मात्र तुमसरपर्यंत येत राहिला, “त्याला काही खायला देऊ नका हं.”