गावकऱ्याच्या पोटातलं

आमचा दर्यापूर तालुका खारपाणपट्ट्यातला. जमिनीच्या पोटात काय दडलंय ते बोअर मारून, चूळ भरल्यावरच कळतं. माणसांना मात्र बोअर लागत नाही. आमच्या बनोशाकडं नवा चेहरा दिसला की कोणीतरी 'तुमी कोनाकडचे जी?' विचारतं, अन् चहा थंड व्हायच्या आत त्याचं आडनाव, वावर, कर्ज आणि साडू उघडे पडलेले असतात.

अशा गावात वाढलेला माझा पुतण्या मला ऐकवतो, "काका, माइनक्राफ्टमधी लपलेलं सारं पाहता येते."

कॉम्प्युटरवरच्या त्या खेळात त्यानं एफ-थ्री आणि एच एकत्र दाबलं. हिऱ्याच्या टिकावावर बाण नेताच खाली आलं : 1203 / 1561. म्हणजे अवजार आणखी किती घाव सोसणार, त्याचा चोख हिशेब. फवारणीच्या पंपावर असा आकडा असता, तर ऐन बोंडअळीत दुकानदाराच्या शब्दावर कोण विसंबलं असतं?

मग त्यानं 'डेटा गेट' ही आज्ञा टाइप केली. 2018च्या 1.13 आवृत्तीपासून ही सोय आहे. समोरच्या वासराचं वय निघालं उणे 24000.

"शून्यावर आलं का गाय होते. सेकंदाले वीस, म्हंजे वीस मिन्टं."

मोठी माय वाती वळत बसली होती. "वीस मिन्टात गाय? बाप्पा! अन् ढेप कोन चारते?"

खरी गंमत निघाली खेळातल्या गावकऱ्याच्या पोटात. तिथं 'गॉसिप्स' नावाचा कप्पाच होता. तुम्ही त्याला एक फटका मारला की तुमच्या नावावर 25 वाईट गुण चढतात. रोज 20 उतरतात खरे, पण तोवर तो ते शेजाऱ्याच्या कानात घालतो आणि देवघेवीत तुम्हाला भाव चढे लागतात. उलट, झॉम्बी झालेल्याला औषध देऊन माणसात आणलं, तर त्या मोठ्या उपकाराचे 20 गुण कधीच उतरत नाहीत. मात्र बातमी दुसऱ्याला सांगताना त्यातून 20च वजा होतात. विसातून वीस गेले, शून्य. म्हणजे मोठा उपकार ज्याच्यावर केला त्याच्याच पोटात राहतो, फटका मात्र गावभर फिरतो. हा खेळ स्वीडनमधल्या कंपनीनं केला म्हणतात. मला तर तो आमच्या पारावर बसून लिहिल्यासारखा वाटला.

मोठ्या मायनं वाती बाजूला सारल्या. "थो हिरव्या झग्यातला कोन हाय रे? नुसताच हिंडून राह्यला."

"निटविट हाय आजी. त्याले कामधंदा नाही, अन् कधी लागतबी नाही."

"लगन झालं काय त्याचं?"

पुतण्यानं पुन्हा आज्ञा दिली. आरोग्य, जागा, धंदा, पातळी, सगळं वरखाली पाहिलं. "लग्नाचा रकानाच नाही आजी."

"मंग सारं दिसते कायले म्हनतं?" असं म्हणून तिनं वाती पुन्हा पुढ्यात ओढल्या.