प्रवाळांनो, जरा सहकार्य करा!

प्रति,
समस्त प्रवाळ मंडळी,
मालवण सागरी अभयारण्य, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास.

स.न.वि.वि.

तुमच्याबद्दलच्या तक्रारी हल्ली फार वाढल्या आहेत. पुण्या-मुंबईहून माणसं रात्रभर गाडी हाकत येतात, पैसे मोजून स्नॉर्कलिंगला उतरतात. नळीतून घोटभर खारं पाणी घशात गेलं की माणूस पाय टेकायला आधार शोधणारच. तो नेमका तुमच्या डोक्यावर मिळतो, आणि तुम्ही चक्क मोडता! पाहुण्यांशी वागायची ही रीत झाली?

बरं, मोडलात तर मोडलात, चटकन भरून तरी यावं. तेही नाही. तुमच्यातले ते धोंड्यासारखे गोल गरगरीत ज्येष्ठ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. महाराजांनी 1664 साली पाया घातलेला अख्खा सिंधुदुर्ग तीन वर्षांत उभा राहिला; तेवढ्या काळात तुमची मजल दोन बोटांची!

होडीचा नांगर अंगावर पडतो म्हणूनही कुरकुर नको. बोयाला होडी बांधली की नांगर टाकावा लागत नाही, हे आम्हालाही कळतं. पण कळतं तसं वागायला लागलो तर ती सुट्टी कसली?

मासे बघा, कसे शहाणे. पावाचा तुकडा सोडला की पट्टेवाल्यांची झुंबड उडते, व्हिडिओ झकास येतो. पावाने पोट भरल्यावर तुमच्या आजूबाजूचं शेवाळ कुरतडायला कोण येणार, ते तुमचं तुम्ही बघा.

आणि कायद्याचा धाक दाखवू नका. 1987 साली इथलं 29 चौरस किलोमीटरचं क्षेत्र अभयारण्य झालं, मान्य. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तुम्ही वाघाच्या पंगतीला बसलात, तेही मान्य. पण वाघाच्या पाठीवर उभं राहून कुणी फोटो काढत नाही. त्याला दात आहेत. तुमचा डंख चिमुकल्या प्लवकांपुरता! अभयारण्य म्हटल्यावर मालवणचे मच्छीमार आपल्या जाळ्याच्या काळजीने धास्तावले. पर्यटकाला मात्र आपण अभयारण्यात उभे आहोत याचा पत्ताच नसतो.

तेव्हा दगड व्हा, नाहीतर रबर व्हा. प्राणी राहून चालायचं नाही.

आपला,
एक त्रस्त पर्यटनप्रेमी

ता. क. : प्रवाळांना वाचता येत नाही, म्हणून हे तुमच्या हाती देतो आहे. मालवणला जाल तेव्हा पाण्यावर तरंगत राहा, पाय टेकू नका, पाव न्याहारीलाच संपवा आणि नांगर कुठे टाकणार, हे होडीत चढण्याआधी विचारा.