तहकूब सभेचे चिटणीस

गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांत अध्यक्ष बदलतात, ग्रंथपाल बदलतात, ग्रंथांना लागणाऱ्या वाळवीच्याही पिढ्या बदलतात. बदलत नाहीत ते चिटणीस. डोईवर काळी टोपी, कमरेला कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा आणि काखेत संस्थेची घटना अशा थाटात हे गृहस्थ पायऱ्या चढू लागले, की बाकावर मांडी ठोकून वर्तमानपत्र चाळणारी वृद्ध मंडळीही पाय खाली सोडतात. सत्तेचा लोभ त्यांना आहे, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. प्रतिवर्षी वार्षिक सभेत ते प्रकृतिअस्वास्थ्यास्तव राजीनामा सादर करतात आणि सभा तो शिरस्त्याप्रमाणे एकमताने नामंजूर करते.

त्यांचे खरे सामर्थ्य प्रकटते ते तहकूब सभेत. पाच वाजता गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब व्हावी, साडेपाचला त्याच जागी पुन्हा भरावी आणि तेव्हा तिला गणसंख्येचे बंधन नसावे, ही तरतूद घटनाकारांनी बापड्यांनी काम अडू नये म्हणून केली. चिटणिसांनी तिच्यावर राज्य उभारले. त्या अर्ध्या तासात विरोधक चहाला जातात आणि परत येतात तो अंदाजपत्रक मंजूर, हिशेबतपासनीस मुक्रर, आणि अनुमोदक म्हणून खुर्चीत डुलकी घेणाऱ्या उपाध्यक्षांचे नाव वहीत रुजू.

अशा संस्थेत एका तरुण सभासदाने मुक्तद्वार पद्धतीची सूचना आणली. वाचकाने कपाटापाशी जाऊन हवे ते पुस्तक स्वहस्ते घ्यावे, एवढेच त्याचे म्हणणे. चिटणिसांनी सूचनेचे मनःपूर्वक स्वागत केले, उपसमिती नेमली, निमंत्रकपद स्वतःकडे घेतले आणि कपाटांना नवी कुलपे आणविली.

तरुण पेटला. पुढल्या वार्षिक सभेला त्याने पाचाच्या ठोक्याला माणसे हजर केली आणि राजीनामा मंजूर करवून घेतला. नव्या मंडळींच्या उत्साहावर विरजण पडले ते धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यान्वये असा बदल 90 दिवसांत कळवावा लागतो, आणि कळवावयाचा तर सोबत सभेचे इतिवृत्त हवे. ते होते चिटणिसांच्या हस्ताक्षरात, जे त्यांच्यावाचून कोणासही लागत नसे. तेव्हा त्यांनाच सन्मानपूर्वक पाचारण करणे प्राप्त झाले. त्यांनी चष्मा पुसला, बोट ओले करून पान उलटले आणि धीरगंभीर स्वरात वाचले : "चिटणिसांचा राजीनामा, पर्यायी व्यवस्था होईपर्यंत त्यांनीच कामकाज पाहावे या विनंतीसह, एकमताने मंजूर."

सूचक म्हणून त्या तरुणाचेच नाव होते.