सायलेन्सरखालची खाण

भाच्याने खाणीत पैसे घातले. थेट कॅनडातल्या. खाण म्हणजे अजून खाण नाही. जंगल, बर्फ आणि जमिनीत पाडलेली पाच-सहा भोकं. पैकी एका भोकात प्लॅटिनम-पॅलॅडियम लागलं. किती? "मामा, टनाला दीड ग्रॅम!" बारावीचे मार्कसुद्धा त्याने इतक्या आनंदात सांगितले नव्हते.

आता दीड ग्रॅम हा आकडा हसण्यावारी नेण्यासारखा नाही, हे मान्य. दक्षिण आफ्रिकेतल्या बुशवेल्डमध्ये, जिथे जगातलं बहुतेक प्लॅटिनम निघतं, टनाला चार-पाच ग्रॅमच मिळतात. तेही मीटरभर जाडीच्या पट्ट्यासाठी माणसं खोल पाताळात उतरवून. पण तिथे 1924 पासून सगळ्यांना ठाऊक आहे की खाली काय आहे. भाच्याच्या कंपनीकडे जे आहे त्याला 'इन्फर्ड' साठा म्हणतात. म्हणजे दोन भोकांच्या मधल्या जागेतही असेल, असा अंदाज. स्थळ सांगताना "मुलगा लवकरच अमेरिकेला जाणार आहे" म्हणतात, त्यातला प्रकार.

या कंपन्या धातू विकत नाहीत. शेअर विकतात. एक भोक पाडायचं, पत्रक काढायचं, भाव चढला की नवे शेअर छापायचे, सोबत वॉरंटची (म्हणजे पुढे ठरल्या भावात शेअर घेण्याच्या हक्काची) खिरापत, आणि त्या पैशातून पुढचं भोक. शेअर फार झाले की दहा जुन्यांचा एक नवा. साखर कारखान्याचा सभासदसुद्धा एवढा सोशिक नसेल. त्याला निदान सवलतीची साखर मिळते. 1997 साली ब्रे-एक्स या कॅनडाच्याच कंपनीच्या इंडोनेशियातल्या 'सोन्यात' सोनंच नव्हतं, नमुन्यांत ते वरून मिसळलेलं होतं. त्यानंतर नियम कडक झाले. आता अहवालावर तज्ज्ञाची सही लागते. त्यामुळे आता खोटं सहसा कोणी बोलत नाही, फक्त आशावादी बोलतात.

आणि समजा, माल खरंच निघाला. भावाचं काय? पॅलॅडियम मार्च 2022 मध्ये औंसाला तीन हजार डॉलरच्या वर होतं; 2024 च्या फेब्रुवारीत हजाराच्या खाली. त्याच्याही आधी फोर्डसारख्या कंपनीने, जिला हा धातू रोज लागतो, ऐन महागाईत घाबरून साठा केला आणि 2002 च्या सुरुवातीला सुमारे एक अब्ज डॉलरचा तोटा वहीत लिहिला. भोक पाडल्यापासून खाण चालू व्हायला दहा-पंधरा वर्षं सहज जातात. तोवर भाव कुठे असेल, ते त्या तज्ज्ञाच्या सहीतही नसतं.

या धंद्यातली खरी अक्कल मला सायलेन्सरचोरांकडे दिसते. महाराष्ट्र-गुजरातेत ईको गाड्यांचे सायलेन्सर पळवणाऱ्या टोळ्या पकडल्याच्या बातम्या आठवतात? त्यांना सायलेन्सर नको असतो, आतल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधली 'माती' हवी असते. एका गाडीच्या कन्व्हर्टरमध्ये हे धातू मिळून साधारण दोन ते सहा ग्रॅम. म्हणजे भाच्याच्या एका टन दगडापेक्षा जास्त, आणि तेही पाना घेऊन पाच-दहा मिनिटांत. ड्रिलिंग नाही, पत्रक नाही, वॉरंट नाही. साठा 'इन्फर्ड' नव्हे, डोळ्यांसमोर लोंबकळणारा. (तुरुंगवास हा खर्च धरायला हवा, हे खरं.)

भाच्याला हे सांगायला गेलो तर तो चार्जरची वायर गुंडाळत होता. स्कूटर इलेक्ट्रिक आहे त्याची. पेट्रोलच्या गाड्या आता संपल्या, हे मला गेली तीन वर्षं तोच ऐकवतोय. मग पॅलॅडियम लागणार कोणाला, असं विचारलं तर म्हणाला, "मामा, लाँग टर्म बघ."

माझी जुनी पेट्रोलची गाडी मी हल्ली भिंतीला खेटून लावतो.