बोटभर पाणी

नागपुरात मे महिना लागला की घरातली प्रत्येक वस्तू पाणी पिते. कूलर पितो, माठ पितो, तुळस पिते, माणसं तर पितातच. त्यामुळे आमचा फिश टँकही पाणी पिऊ लागला तेव्हा कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. पहिली तक्रार आली तीही माशांकडून नाही, बायकोकडून.

"अहो, रात्रभर कुठंतरी नळ चालू आहे."

नळ नव्हता. टँकच्या मागच्या काचेला टांगलेला फिल्टर होता. हा फिल्टर पाणी ओढतो, गाळतो आणि वरून परत सोडतो. टँक काठोकाठ असला तर ते पाणी गुपचूप आत सरकतं. पातळी दोन बोटं उतरली की त्याचा धबधबा होतो. पावसाळ्यात चिखलदऱ्याला जाऊन, खोलीचं भाडं भरून आपण जो आवाज ऐकतो, तोच घरी फुकट मिळत असूनही बायकोला त्याची किंमत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी मुलाची स्टीलची पट्टी काचेला लावून मोजमाप घेतलं. चोवीस तासांत नऊ मिलिमीटर. आमचा टँक तीन फूट लांब, दीड फूट रुंद. गुणाकार केला तर दिवसाला पावणेचार लिटर पाणी हवेत! आकडा बघून मला माशांचाच संशय आला. पण खरा गुन्हेगार मी होतो. उन्हाळ्यात टँकचं पाणी 32-33 अंशांवर जाऊ लागलं, मासे वर येऊन तोंडं उघडू लागले, म्हणून मी पाण्यावर एक छोटा पंखा लावला होता. पंख्यानं पाण्याची वाफ होते, वाफ जाताना उष्णता घेऊन जाते, पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. माठ याच विद्येवर चालतो आणि कूलरही. म्हणजे आमच्या बैठकीत आता दोन कूलर होते. एकात वाळ्याची ताटी, दुसऱ्यात एंजल मासे, एवढाच फरक.

"झाकण का नाही ठेवत?" हा प्रश्न घरी येणारा प्रत्येक माणूस विचारतो. झाकण ठेवलं की पाणी वाचतं आणि मासे शिजतात, हे मी प्रत्येकाला समजावतो. काहींना ते फारसं वाईट वाटत नाही असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसतं.

तांब्यानं पाणी घालणं हा उपाय मी आठवडाभर केला. म्हणजे सोमवारी केला, मंगळवारी केला, बुधवारी विसरलो आणि शनिवारी बायकोनं आठवण केली. त्यात हिवाळ्याची एक जुनी जखम होती. पातळी खाली गेली, काचेचा हीटर उघडा पडला, चालूच होता, आणि तडकला. तेव्हा ठरवलं, आता माणसावर विसंबायचं नाही. माणूस म्हणजे अर्थात मी.

आमच्या कॉलनीत एक समुद्रवाले राहतात. जवळचा समुद्र शेकडो किलोमीटरवर असताना या गृहस्थांनी दुसऱ्या मजल्यावर खारा टँक ठेवला आहे. पाकिटातलं मीठ मापून पाण्यात कालवतात आणि त्यात पोवळी वाढवतात. मी सल्ला विचारायला गेलो तर त्यांनी आधी मला स्वयंपाकघरात नेलं.

"सावजीचा रस्सा आटला तर काय होते?"

"झणझणीत होतो."

"पाणी गेलं, तिखट-मीठ राहिलं. मग तुम्ही वरून काय घालता? रस्सा की पाणी?"

"पाणी."

"झालं तर मग!"

समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. पाणी उडतं, क्षार जागेवर राहतात आणि टँक दिवसेंदिवस खारट होत जातो. म्हणून आटलेल्या पाण्याच्या जागी खारं नाही, निव्वळ बिनक्षाराचं पाणी घालायचं, तेही थोडं थोडं, दिवसभर. एकदम बादली ओतली की पोवळ्यांना धक्का बसतो. गोड्या पाण्यात प्रकरण एवढं नाजूक नसतं. तरी नळाचं पाणी घालत राहिलं तर कॅल्शियम साचतं आणि कूलरच्या टाकीला बसते तशी पांढरी खर काचेच्या कडेला बसते. तेव्हा आरओचं पाणी घाला, असा निवाडा झाला. घरी येऊन मी तो जाहीर केला तेव्हा आई म्हणाली, "आम्ही जन्मभर पेंचचं पाणी पिलो. अन् माशाले फिल्टरचं?"

रात्री जेवताना यंत्र निवडीची बैठक भरली. आईनं गळती सुचवली. श्रावणात महादेवाच्या पिंडीवर टांगतात ती, बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची गळती. घरात होतीच. खरं सांगायचं तर बैठकीतली ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत देखणी सूचना होती. भाच्यानं तिचं आधुनिक रूप काढलं. तो मेडिकलला आहे, दुसऱ्या दिवशी सलाइनचा नवा सेट घेऊनच आला. या सेटमधून वीस थेंबांना एक मिलिलिटर पडतं, म्हणजे माझ्या पावणेचार लिटरला पंचाहत्तर हजार थेंब, मिनिटाला बावन्न. त्यानं चाक फिरवून, घड्याळ लावून बरोबर बावन्न थेंब बसवले. टँकशेजारी स्टँडवर लटकलेली बाटली बघून शेजारच्या काकू आपुलकीनं विचारून गेल्या, "कोणता मासा सिरियस आहे?"

पण थेंबाला डोळे नसतात. दुपारी हां हां म्हणता वाफ होते, अवकाळी पाऊस आला की होत नाही, आणि थेंब आपले बावन्न ते बावन्न. पिंडीला शाळुंका असते, जादा पाणी बाहेर जायची वाट देवानं आधीच करून ठेवलेली असते. आमच्या टँकच्या खाली सोफा आहे, सोफ्यामागे इन्व्हर्टर.

म्हणजे पाणी किती कमी झालं ते पाहून तेवढंच घालणारं काहीतरी हवं होतं. नागपूरकराला हे काहीतरी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. कूलरचा बॉल! पाणी उतरलं की बॉल खाली येतो, नळ उघडतो, पाणी चढलं की बॉल वर जातो, नळ बंद. ही युक्ती फार जुनी आहे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबिअसनं आपल्या पाणघड्याळात तरंगता बोळा वापरून पातळी कायम राखली होती. आपल्याकडे घटिकापात्र पाण्यात बुडून चोवीस मिनिटं मोजायचं, त्यांच्याकडे तरंगून मोजायचे, हा दोन संस्कृतींमधला फरक. पण क्टेसिबिअसला खर बसलेला बॉल माहीत नसावा. आम्हाला माहीत आहे. दर उन्हाळ्यात एकदा तो अडकतो, कूलर वाहतो, मग कुणीतरी काडीनं टोचलं की सुटतो. कूलर वाहिला तर गॅलरी धुतली जाते. टँकचा बॉल थेट नळाच्या लाइनवर बसवला आणि तो अडकला, तर मागे अख्खं पेंच धरण उभं आहे. ते आमच्या बैठकीत रिकामं होणं बायकोला मान्य नव्हतं.

समुद्रवाल्यांकडे ट्युन्झे या जर्मन कंपनीचा ऑस्मोलेटर होता. त्यात एक डोळा असतो, प्रकाशानं पाणी ओळखणारा. तो चुकला तर सांभाळायला वर दुसरा, तरंगता पहारेकरी. दोघंही चुकले आणि पंप दहा मिनिटांपेक्षा जास्त चालला तर यंत्र स्वतःच पंप बंद करून बोंब ठोकतं. चुका होणारच हे गृहीत धरून बनवलेली वस्तू मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. किंमतही पहिल्यांदाच ऐकली. तेवढ्यात आमचा अख्खा टँक, स्टँड, मासे आणि वर दोन कूलर आले असते.

म्हणून मी बर्डीवरच्या एका दुरुस्तीवाल्या पोराला जर्मन कल्पना सांगितली आणि त्यानं तिचं नागपुरी भाषांतर केलं. दोन फ्लोट स्विच. या स्विचच्या तरंगणाऱ्या तुकड्यात चुंबक असतं आणि दांडीत काचेच्या नळीतले दोन पत्रे, चुंबक जवळ आलं की ते चिकटतात. एक स्विच पाणी मागायला, दुसरा "बस कर" म्हणायला. एक टायमर, एक लाल दिवा, एक बझर आणि जुन्या कूलरचा पंप. "गोगलगाय आहे का टँकमधी?" त्यानं विचारलं. मी हो म्हटल्यावर त्यानं स्विचभोवती चहाची प्लास्टिकची गाळणी बसवून दिली. गोगलगाय येऊन तरंगत्या तुकड्यावर बसली की यंत्राला वाटतं दुष्काळ पडला. पोरगा शिकलेला नव्हता, पण त्याला हे ठाऊक होतं. मला नव्हतं.

वीस लिटरचा आरओच्या पाण्याचा कॅन मी टँकच्या वरच्या कपाटावर ठेवला, आत पंप सोडला, गवंडी लेव्हलला वापरतात ती पारदर्शक नळी टँकमध्ये बुडवली आणि बटण दाबलं. पंप सुरू झाला. पाणी चढलं. स्विच म्हणाला बस, पंप बंद झाला. मी टाळी वाजवली. पाणी येतच राहिलं.

पंप थांबला तरी नळी पाण्यानं भरलेली होती आणि कॅन टँकपेक्षा उंच होता. असं जुळलं की पाण्याला पंपाची गरज उरत नाही, ते आपल्या आपण खाली येतं. ट्रकमधून डिझेल काढणाऱ्याला हे कळतं, फिजिक्समध्ये फर्स्ट क्लास मिळवलेल्या माणसाला बटण दाबल्यावर कळतं. टँकमध्ये जागा होती साधारण सतरा लिटरची, कॅनमध्ये होते वीस. उरलेले तीन लिटर कुठे गेले हे सोफ्याच्या रंगावरून अजून कळतं. इन्व्हर्टर वाचला. मी थोडक्यात वाचलो.

मग कॅन टँकच्या खाली आला आणि नळीचं तोंड पाण्याच्या वर टांगलं गेलं, म्हणजे उलटसुलट कुठूनच ओढ बसणार नाही. पोरगा हेच आधी सांगत होता म्हणे. मी तेव्हा त्याला जर्मनी समजावत होतो.

त्यानंतर यंत्रानं जे काम केलं त्याला तोड नाही. पातळी एका रेषेवर, धबधबा बंद, बायको झोपलेली. मी वही सुरू केली. रोज कॅनमधलं पाणी मोजायचो: सोमवार, वीस लिटर. मंगळवार, वीस लिटर. बारा दिवसांनंतरही वीस लिटर. पातळी हलत नव्हती आणि कॅनही रिता होत नव्हता. मी समुद्रवाल्यांना वही दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले.

"नवतपा सुरू आहे," ते म्हणाले. "रस्त्यावरचं डांबर वितळून राहिलं. अन् तुमच्याकडे बाष्पीभवन थांबलं?"

मी पंख्याच्या कोनाविषयी एक सिद्धान्त मांडला. त्यांनी चहा संपवला आणि काही न बोलता गेले.

चौदाव्या दिवशी उकाड्यानं पहाटे पाचलाच जाग आली. बैठकीत आई होती. रोज ताजं पाणी भरण्याआधी ती माठातलं आदल्या दिवशीचं शिळं पाणी तुळशीला घालते, हे मला लहानपणापासून माहीत आहे. आज मी पाहिलं की तुळशीच्या आधी ती टँकशी थांबली, पंखा हातानं जरा बाजूला केला आणि एकामागून एक तीन तांबे सावकाश आत सोडले. मासे वर येऊन रांगेत उभे होते. माझ्यासाठी ते कधी रांगेत उभे राहिले नाहीत.

"आई, हे काय करून राहिली तू?"

"पाणी टाकून राहिली."

"अगं, मशीन आहे ना त्याला!"

"त्याची लाल बत्ती लागली की तू कावराबावरा होतो. म्हणून बत्ती लागायच्या आतच टाकतो म्हटलं बाप्पा."

मी ओरडणार होतो, पण वहीतले चौदा शून्य डोळ्यांपुढे आले. शिवाय एक गोष्ट लक्षात आली. नळाचं पाणी माशांना देण्याआधी चोवीस तास उघडं ठेवावं, म्हणजे त्यातला क्लोरीन उडून जातो, असं मासे पाळणारे सांगतात. आमच्याकडे त्याला शिळं पाणी म्हणतात आणि ते पिढ्यान्‌पिढ्या तुळशीला जातं. कॅल्शियमचा मुद्दा उरतोच, पण दर रविवारी मी पाव टँक पाणी बदलतो, त्यात तो निभावतो. हे मी आईला सांगितलं नाही. सिद्धान्त मागे घेतल्याचं समुद्रवाल्यांनाही अजून सांगितलेलं नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आई वर्ध्याला मावशीकडे गेली. त्या रात्री यंत्रानं आयुष्यातलं पहिलं काम केलं. नळीचं तोंड पाण्याच्या वर असल्यामुळे त्यातून पाणी टपटप, मग सरळ धार लागून पडू लागलं.

"अहो," बायको अंधारात म्हणाली, "नळ चालू आहे."

सहाव्या दिवशी पहाटे साडेतीनला बझर वाजला. कॅन कोरडा, पंप हवा ओढतोय, लाल दिवा लागलेला आणि मी कावराबावरा. वायर उपटली, कॅन उचलला आणि आरओच्या तोटीखाली लावला. आमच्या आरओला वीस लिटर भरायला दीड तास लागतो. पाट घेऊन तिथंच बसलो. बाजूच्या बादलीत आरओचं टाकाऊ पाणी त्याच्या दुप्पट वेगानं भरत होतं, ती दोनदा रिती केली. पाच वाजता फोन वाजला. वर्ध्याहून आई.

"उठला का? माशाले पाणी टाकलं?"

"मशीन टाकते, आई."

"बरं. अन् मशीनमधी?"