उभं की आडवं? रोहिणखेडकरांसाठी प्रिंट-नियमावली

रोहिणखेडने दोन मोठ्या लढाया पाहिल्या. 1437 साली खानदेशची फौज इथे बहमनी सैन्याशी भिडली आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस अहमदनगरच्या गादीचा निकालही याच मातीत लागला. तिसरी लढाई झेरॉक्सच्या दुकानात रोज चालते आणि मोताळ्याला तहसीलच्या खिडकीवर आपण ती हरतो. पहिल्या दोन लढायांत शत्रू कोण हे तरी कळत होतं. इथे प्रिंटर निर्विकार चेहऱ्याने उभा असतो. सबब, सर्व अर्जदार, वारसदार व विद्यार्थी यांच्या माहितीसाठी पुढील नियम.

नियम 1. कागदाचं माप जाणून घ्यावं. दुकानदार ज्याला नुसतं 'कागद' म्हणतो तो ए-फोर: 210 बाय 297 मिलिमीटर. या घराण्याचा मूळ पुरुष ए-झीरो, क्षेत्रफळ बरोबर एक चौरस मीटर. त्याच्या लागोपाठ चार वेळा निम्म्याने वाटण्या केल्या की सोळा ए-फोर पडतात. म्हणूनच 80 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 80 ग्रॅमचा, एक कागद पाच ग्रॅमचा आणि पाचशे कागदांची रिम अडीच किलोची. शंका असल्यास किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून पाहावी. विशेष म्हणजे कितीही वाटण्या केल्या तरी तुकड्याचा आकार बिघडत नाही, लांबी-रुंदीचं प्रमाण तेच राहतं. ही युक्ती लिश्टेनबर्ग नावाच्या जर्मन प्राध्यापकाने 1786 साली एका पत्रात लिहिली आणि 1922 मध्ये जर्मनीने तिचं मानक केलं. शेताच्या वाटणीत असं काही सापडलं असतं तर बांधावरची निम्मी भांडणं मिटली असती.

नियम 2. कॉम्प्युटरवर विश्वास ठेवू नये. बऱ्याच कॉम्प्युटरांची अशी ठाम समजूत असते की रोहिणखेड अमेरिकेत आहे. ते न विचारता 'लेटर' माप धरतात: 216 बाय 279. हा कागद ए-फोरपेक्षा सहा मिलिमीटर रुंद आणि अठरा मिलिमीटर बुटका. तो आपल्याकडच्या दुकानात सहसा नसतोच, पण सेटिंगमध्ये हमखास असतो. 'पेपर साइज'मध्ये जाऊन ए-फोर निवडावं. तो न सापडल्यास दुकानातल्या सर्वांत लहान मुलाला विचारावं.

नियम 3. लीगलशी कायदेशीर वागावं. प्रतिज्ञापत्राची माणसं लीगलवर मजकूर बसवतात, म्हणजे 356 मिलिमीटर उंची. तो ए-फोरवर जसाच्या तसा मारला की खालचे 59 मिलिमीटर गायब. आणि नेमकं तिथेच स्थळ, दिनांक आणि सहीची जागा असते. मग काउंटरवर ऐकू येतं, "दादा, सही कुठी करू आता?" यावर 'फिट टू पेज' हा उपाय आहे, पण त्यात सगळा मजकूर 83 टक्क्यांवर येतो. बारा पॉइंटचं अक्षर दहाचं होतं आणि आजोबा चष्मा घरी विसरलेले असतात. सरळ लीगल कागद मागावा.

नियम 4. उभं की आडवं हे मजकुराला विचारावं. ओळी जास्त तर उभं, रकाने जास्त तर आडवं. वंशावळीचा प्रश्न नाजूक आहे. पिढ्या अनेक पण प्रत्येक पिढीत एकच मुलगा असेल तर उभी. पणजोबांना सहा मुलं आणि त्या सहांना पुन्हा पाच-पाच असतील तर आडवी, शक्यतो ए-थ्रीवर. 1582 साली खुदावंदखान महदवीने गावात बांधलेल्या मशिदीचा फोटो शाळेच्या प्रकल्पाला हवा असेल आणि मोबाइल आडवा धरला असेल, तर उभ्या कागदावर निम्मी जागा कोरी राहते. तिथे मास्तर शेरा लिहितात.

*इशारा:* आडवी प्रिंट हवी म्हणून ट्रेमधला कागद आडवा कोंबू नये. दिशा कॉम्प्युटरला सांगायची असते, कागदाला नव्हे.

नियम 5. पाठपोट जपून छापावं. उभ्या कागदाला 'लाँग एज', आडव्याला 'शॉर्ट एज'. उलट केल्यास मागचं पान शीर्षासनात जातं. सर्वोच्च न्यायालयाने 1 एप्रिल 2020 पासून ए-फोरवर पाठपोट छपाई स्वीकारली आहे. खिडकीवरच्या साहेबांना ती चालते का, हे आधी त्यांनाच विचारावं. न्यायालयाचा दाखला तिथे देऊ नये.

नियम 6. ए-थ्रीची झेरॉक्स ए-फोरवर हवी असेल तर 71 टक्के म्हणावं, उलट हवी असेल तर 141. हे आकडे सहज फेकल्यास दुकानात मान मिळतो.

शेवटचा नियम सर्वांना बंधनकारक. आधी प्रिव्ह्यू पाहावा, मग एकच पान काढावं आणि ते बरोबर आलं तरच बाकीची. प्रिव्ह्यूला पैसे पडत नाहीत, मोताळ्याच्या फेरीला पडतात. एसटी पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट आहे. बाकीच्यांनी कागदाचं माप आजच तपासून घ्यावं.